पार्बताबाईच्या डोळ्यांची चाल

संत्री निवडावीत तर पार्बताबाईनं, हे अकोट रस्त्यावरच्या आमच्या गावात सगळ्यांना मान्य होतं. पोत्यावर बसायची. उजव्या हाताला ढीग, डाव्या हाताला क्रेट. चाळीस वर्षं हेच. देठाजवळ करंगळीच्या नखाएवढा डाग असला तरी फळ बाजूला फेकायची, आणि तेवढ्यात आमच्या घरच्या भानगडीही काढायची. अक्षरओळख नाही, पण संत्रं तिला वाचता येतं, असं मी म्हणायचो. ती म्हणायची, "तुले तं तेही नाई येत, केशव." शेजाऱ्याला टोमणा मारल्याशिवाय तिला भाकर गोड लागत नसे.

यंदा तिच्या मुलानं, मनोजनं, शेडमध्ये संत्री निवडायचा सरकता पट्टा बसवला. एका टोकाला फळं ओतायची, पट्टा ती पुढे नेतो, डागी तेवढी उचलायची. मायचे गुडघे गेलेले, म्हणून त्यानं गादीची खुर्ची आणली आणि पंख्याखाली, पट्ट्याच्या खिडकीकडच्या बाजूला मांडली. पलीकडची बाजू टिनाच्या भिंतीला लागून. मार्चमध्ये तिथं माणूस भाजून निघतो. पोरगा मायेचा, यात शंका नाही.

पण डागी फळं क्रेटमध्ये जाऊ लागली. व्यापाऱ्याचा फोन आला. आठ दिवसांनी पुन्हा आला. मनोजनं तिला अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू आधीच काढलेला, नजर ठणठणीत, असं डॉक्टरनं सांगितलं. मग उरलं काय? वय. मीही मान डोलावली, खोटं कशाला बोलू. मनोज म्हणाला, "माय, आता तू आराम कर. सोमवारपासून रागिणी बसंन." रागिणी म्हणजे त्याची बायको.

"मले दिसून राहिलं ना, बापू. कावून ऐकत नाई तू?" एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी जेवली नाही. जिला जन्मात गप्प पाहिलं नव्हतं ती ओट्यावर नुसती बसून होती. मला तिच्यापुढून जायची लाज वाटली.

शनिवारी तिची भाची गीतांजली अमरावतीहून आली. ही पोरगी डोळे कसे हलतात यावर पीएच.डी. करते. वर्षभर अकोल्याच्या मराठी आणि उर्दू शाळांतल्या मुलांचे डोळे वाचताना तपासत होती. मी विचारलं, "डोळे हलतात, त्यात शिकायचं काय?" तिनं भिंतीवरचा आरसा काढून माझ्या हातात दिला. "काका, आपल्या डाव्या डोळ्यात पाहा. आता उजव्यात. डोळा हलताना दिसला?"

नाही दिसला. चार वेळा केलं. पार्बताबाई माझ्या तोंडाकडे बघत होती, ती एकदम हसली. "अरे, टणाटण उड्या मारून राहिले तुये डोये!" आठवड्यातलं तिचं पहिलं हसू होतं ते.

गीतांजलीनं सांगितलं, डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारतो. उडी चालू असताना आपण जवळजवळ आंधळेच, पण मेंदू ते कळू देत नाही. स्पष्ट दिसतं ते डोळा थांबतो तिथंच, हात लांब केला तर अंगठ्याच्या नखाएवढं. बाकी सगळा अंदाज.

"म्हंजे पाह्यलं असं वाटते, अन् पाह्यलेलं नसते?" पार्बताबाईनं विचारलं. मग म्हणाली, "मले लाव तुयी मशीन."

मशीन म्हणजे बारक्या कॅमेऱ्यांचा चष्मा. पट्टा सुरू केला. डोळा थांबेल तिथं लॅपटॉपवर लाल ठिपका उमटे. ठिपका फळावर बसे, तिथून उजवीकडे उडे, मग घाईनं परत येई. उजवीकडे होती तपासून पुढे गेलेली फळं. नवी फळं डावीकडून येत होती, आणि तेवढ्यात त्यातली एक-दोन निसटत होती.

"उजवीकडून डावीकडे उर्दू वाचणारी मुलं डावीकडचं आधी हेरतात, मराठी वाचणारी उजवीकडचं," गीतांजली म्हणाली. "सवय पडली की डोळा पुढची उडी तिकडेच घेतो. मावशी, तुझा ढीग कुठं असायचा?"

"उजवीकडं."

मनोजनं खुर्चीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"सवय बदलेल, पण वेळ लागेल," गीतांजली म्हणाली.

"कायले बदलू?" पार्बताबाई गुडघे धरत उठली, पट्ट्याला वळसा घालून टिनाच्या भिंतीकडे जाऊन उभी राहिली. तिथून फळं उजवीकडून येतात.

"माय, तिथं भट्टी हाय! खुर्ची तुयासाठीच आणली ना मी."

"आणली, बापू. बसायले जागा देल्ली तुनं. मले काम पायजे. पट्टा चालू कर."

माझा स्वभाव संशयी. कोणाचं लक्ष नाही असं पाहून मी चार डागी फळं मधूनमधून पट्ट्यावर सोडली. तिनं पाच उचलली. पाचवं माझ्या हातात ठेवलं. उलटसुलट करून पाहिलं, मला काही दिसेना.

"देठाखाली पाह्य," ती म्हणाली.

होता डाग, मोहरीएवढा. मनोजनं खुर्ची उचलली, पलीकडे नेऊन ठेवली, आणि पंख्याची वायर तिथवर पुरते का ते पाहू लागला.