आमच्या लॅबचा कोरडा जावई

बेसिनच्या नळीत गाळ साठतोय न्हवं, तसं लॅबमधी किस्से साठत्यात. जरा ढवळलं की समदं वर! म्या कोल्हापुरात येका कॉलेजच्या केमिस्ट्रीत लॅब अटेंडंट हुतो, नव्वदच्या पुढच्या सालांत. शाळा सातवीपतुर, पण आवाज प्रिन्सिपलच्या केबिनपतुर! पोरं मामा म्हणायची.

*

आमच्या सरांनी परदेशातनं येक बारकी बाटली मागवली. वाळूत सिलिकॉन आसतोय, त्याच्यापासनं केल्यालं. नाव सिलिल ट्रायफ्लेट. दोन औषधं आपसात जुळंनात, तर ह्याचा थेंब टाकायचा, बिगीबिगी जुळत्यात. पर हवेतली वल लागली की पांढरा धूर सोडून बाद! भांडी भट्टीत तापवा, आत नायट्रोजन सोडा, मग सुईनं काढा.

म्या म्हणलो, "सर, ह्यो कॅटॅलिस्ट न्हवं, जावई हाय! मान कमी पडला की फुसफुसतोय!"

तवापासनं समद्यांचा त्यो जावईच झाला.

*

खंडेनवमीला आमी लॅबमधल्या सामानाची पूजा करायचो. जावयासाठी वाळवल्याली भांडी टेबलावर मांडल्याली, आन भटजींनी फुलानं पाणी शिंपडायला हात उचलला!

म्या तांब्याच वडून घेतला.

"आरं, पाण्याबिगार पूजा हुती व्हय?"

"हळद टाका, कुंकू टाका, अक्षता टाका. पाणी घरला जाऊन प्या!"

फुडल्या सालापासनं भटजी दारातनंच इचारायचं, "यंदाबी कोरडीच न्हवं?"

*

सुजाता कबनूरची. बाप यंत्रमागावर. त्या घरातली पीएचडीला आल्याली पयली पोरगी, आन सरांनी हिच्याच गळ्यात जावई बांधलेला! कितीबी केलं तरी रिअॅक्शन हुईना.

येकदा सर दुपारी समजावत हुतं, "सिलिकॉनला इलेक्ट्रॉनची भूक आसते. भुकेला हाय म्हणून त्यो दुसऱ्याला धरतो, म्हणून काम हुतं."

माझं डोस्कं फिरलं. "सर, ही पोरगी बी सकाळपासनं उपाशी हाय की! मग हिचं का हुईना?"

सरांनी सोताचा डबा उघडून तिच्याम्होरं ठेवला.

*

शेवटी बाटलीत येका येळंपुरतंच उरलं. सर म्हणालं, "सुजाता, आता फसलं तर विषय सोडायचा. दुसरा घिऊन पयल्यापासनं." पोरीनं घरात सांगितलं आसंल. त्या शेवटच्या खेपंच्या दिशी सकाळीच तिचा बाप दारात. पाऊस लागल्याला, चिंब भिजून.

"जय भीम, पावणं. आमची सुजी हितंच आसती न्हवं?"

"जय भीम. पर हितंच थांबा! वलं माणूस आत न्हाय. सर भिजलं तर सरबी भायेर! श्वासातली वलसुदीक चालत न्हाय त्या औषधाला!"

म्या दार लावलं. आत पोरीनं सुई घातली, शेवटचा थेंब सोडला. लई येळानं तिनं तपासायची पट्टी दिव्याखाली धरली. नवा ठिपका, म्हंजी नवा पदार्थ!

सर म्हणालं, "आलं!"

पोरगी पळतच भायेर गेली. बाप हुता तितंच भिताडाला टेकून उभा, टॉवेलनं नाक-तोंड गच्च आवळल्यालं, डोळं लालबुंद.

"बाबा, जुळलं!"

त्यानं तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. आन टॉवेलातनंच हळू इचारलं,

"पावणं, आता श्वास घिऊ काय?"