सुमनताई आणि मी न वाचता केलेल्या सह्या

आदरणीय सुमनताई वाहुळे यांची आणि माझी पहिली भेट फारशी मंगल नव्हती. शहरातल्या छावणी भागातल्या शाळेत मी नुकताच शिक्षक म्हणून लागलो होतो आणि ताई मुख्याध्यापिका होत्या. मधल्या सुट्टीत दोन मुलांचं भांडण सोडवून आलो आणि सहज म्हणालो, "त्या मोहल्ल्यातली पोरं तसलीच." ताईंनी कप खाली ठेवला. "तसलीच म्हंजे कसली, सर? सांगा की." सुट्टी संपेपर्यंत ताई माझ्या उत्तराची वाट पाहत बसून राहिल्या.

धम्मदीक्षा घेतलेल्या घरात ताई वाढल्या. माणसाची किंमत त्याच्या वस्तीवरून करतात म्हणजे नेमकं काय करतात, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. जीभ तिखट, पण माझी पत्नी आजारी असताना महिनाभर माझे वर्ग त्यांनीच घेतले. वर "पोरांचं गणित लई कच्चं ठेवलंय तुम्ही" हेही ऐकवलं.

निवडणूक आली की आपल्या शहराची भाषा बिघडते. ईदला शिरखुर्मा खाऊन आलेली माणसंसुद्धा मोबाइलवर आलेलं विष पुढं ढकलतात. ताई त्या दिवसांत भाषणं करीत नाहीत. मतदारयादी काखेत मारतात आणि घरोघर फिरून प्रत्येक नाव त्या माणसासमोर वाचतात. निवृत्तीनंतर एकही निवडणूक त्यांनी चुकवलेली नाही.

गेल्या निवडणुकीआधी द्वेषाच्या राजकारणावर पोसलेल्या एका पक्षाचे कार्यकर्ते माझ्याकडे अर्जांचा गठ्ठा घेऊन आले. "सर, यादीत लई बोगस नावं हायेत. मास्तरच्या सहीला वजन असतंय." ज्या हाताचा उभा जन्म निकालपत्रकांवर सह्या ठोकण्यात गेला, त्याच हातानं मी ओळीनं सह्या केल्या. एकही अर्ज वाचला नाही. खरं सांगायचं तर वाचावासा वाटला नाही.

आठवड्यानं ताई दारात उभ्या. यादीतून नाव का वगळू नये, अशा सुनावणीच्या नोटिसा निघाल्या होत्या. शाळेमागच्या गल्लीतली मुसलमानांची नावं वगळावीत, ते कायमचे राहायला दुसरीकडे गेलेत, असे ते अर्ज होते.

"सही तुमचीच हाय ना?"

"व्हय."

"मग चला. ज्यांना तुम्ही कागदावर गाव सोडायला लावलंय, त्यांची भेट घेऊ."

पहिलंच दार रशीदाबींचं निघालं. माझ्या मुलीचे शाळेचे कपडे वर्षानुवर्षं याच बाईंनी शिवले. नोटीस हातात धरून त्या म्हणाल्या, "मास्तर, मैं तो इधरीच हूं. मेरेकू किधर भेज दिए तुम?" आणि आत वळून त्यांनी मला बसायला खुर्ची आणली. त्या खुर्चीवर बसायचा मला धीर झाला नाही. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती आजही वाटते. ताईंनी मात्र सुटका केली नाही. गल्लीतलं प्रत्येक दार माझ्याकडूनच वाजवून घेतलं. एका तरुणानं माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. "बरोबर केलं त्यानं," एवढंच बोलून ताई पुढं निघाल्या.

सुनावणीच्या दिवशी कार्यकर्ते निवडणूक कचेरीबाहेर उभे होते. "सर, आता पलटू नका, महागात पडंल," असं त्यांनी मला बजावलं. ताई रशीदाबींच्या शेजारी बाकावर जाऊन बसल्या. मी अधिकाऱ्यांसमोर सांगितलं, "ही माणसं कुठंही गेलेली नाहीत. मी न वाचता खोट्यावर सही केली. माझा जबाब लिहून घ्या." सगळी नावं यादीत राहिली. मतदानाच्या दिवशी रशीदाबींनी शाई लावलेलं बोट मला दुरूनच दाखवलं. हसल्या मात्र नाहीत, आणि तो त्यांचा हक्क होता.

तेव्हापासून काही नातलग मला गद्दार म्हणतात. म्हणोत बापडे.

पुन्हा निवडणूक जवळ आली आहे, तेच गठ्ठे पुन्हा फिरताहेत आणि ताईंचे गुडघे आता जिने चढू देत नाहीत. त्यांना निरामय दीर्घायुष्य लाभो, हे मी मनापासून मागतो. पण ताई, ते आयुष्य आमच्यासारख्यांची पापं निस्तरण्यात घालवू नका. नातवंडांत रमा, गाडीनं खुलताबादच्या डोंगरावर हवा खायला जा. यादी माझ्याकडं द्या. उद्या सकाळपासून मी निघतो.