काट्याशेजारचा खिळा

"स्वेटर काढल्याशिवाय काट्यावर चढायचं नाही," मी म्हटलं आणि लाइन थांबली.

गेल्या वर्षीचा जानेवारी होता. इंदूरच्या एका सरकारी दवाखान्यात एआरटी सेंटर आहे, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ती जागा. तिथे मी लोकांचं वजन करतो आणि कार्डावर लिहितो. पाचवी शिकलोय. आकडे येतात, तेवढं पुरतं. त्याच गोळ्या मीही खातो, बरीच वर्षं झाली.

समोर रेखाबाई. नाव बदललंय. विजय नगरला तीन फ्लॅटांत स्वयंपाक करते. अंगात स्वेटर, त्यावर शाल, त्यावर नवऱ्याचं जाकीट.

"काका, रहने दो ना. मागच्या वेळचंच लिहा, एकोणपन्नास."

"काढ."

मागून एक जण ओरडला, "काकाजी, वजन कर रहे हो कि तलाशी ले रहे हो?" लाइन हसली. मी नाही हसलो.

कारण सांगतो. आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, याच सेंटरची पेशंट होती. त्याच्या आदल्या थंडीत तिचं वजन मीच लिहिलं. शेहेचाळीस, शेहेचाळीस, पंचेचाळीस. अंग झडत होतं तशी थंडी जास्त वाजायची, आणि ती एकेक कपडा चढवत जायची. कार्ड म्हणत होतं, सब ठीक. होळीनंतर स्वेटर उतरला तेव्हा एक्केचाळीस. टीबी निघाला, पण उशीर झाला होता. महिन्याभरात गेली. घरात रोज डोळ्यांसमोर होती, तरी मी काट्यावर भरवसा ठेवला. कार्डावरचं अक्षर माझंच आहे.

आवाज ऐकून काउन्सेलर मॅडम आल्या. "काय चाललंय काका? मी विचारलंय तिला. चारही गोष्टींना नाही म्हणाली."

चार गोष्टी म्हणजे खोकला, ताप, रात्रीचा घाम आणि वजन घटणं. एचआयव्हीवाल्याला टीबी लवकर धरतो, म्हणून दर खेपेला विचारतात. एकाला जरी 'हो' आलं तरी तपासणी करायची.

"मॅडम, चौथी गोष्ट तिला कशाला विचारता? काट्याला विचारा."

मॅडमनी पडदा ओढला, काटा आत घेतला, वरचे कपडे उतरवले. त्रेचाळीस.

रेखाबाई बाहेर येऊन बाकावर बसली.

"काका, टीबीचं नाव निघालं ना, तर तिन्ही घरं जातील. मग मी खाऊ काय?"

"खोकला आहे?"

"आईशप्पथ नाही."

"मग लपवत काय होतीस?"

"ब्लाऊज तीनदा आत घेतलंय. कळत नाही का मला?"

"आमच्या हिलाही खोकला नव्हता. ऊठ."

डॉक्टरसाहेबांनी एक्स-रे काढायला लावला. छाती साफ निघाली. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, म्हाताऱ्या, स्वतःच्या घरचं दुःख तू दुसऱ्याच्या कार्डावर लिहितोयस.

डॉक्टरसाहेबांना तसं वाटलं नाही. "छाती साफ म्हणजे टीबी नाही, असं नसतं काका. मध्ये हिच्या गोळ्या चार महिने सुटल्या होत्या. ताकद कमी झालीय. अशा पेशंटमध्ये तो पोटातही बसतो."

खोकला नाही तर थुंकी कुठून आणणार? म्हणून लघवी तपासली. त्याची एक पट्टी असते. पट्टीवर रेघ उमटली, म्हणजे टीबी. सोनोग्राफीत पोटातल्या गाठी दिसल्या.

त्याच आठवड्यात औषध चालू झालं. पोटातला टीबी स्वयंपाकातून कुणाला लागत नाही, हे डॉक्टरसाहेबांनी तिला दोनदा सांगितलं. तरी महिनाभर आराम करावा लागला. एका घरानं दुसरी बाई ठेवली. दोन घरं थांबली.

सहा महिन्यांनी औषध संपलं तेव्हा पन्नास किलो. नुसत्या सुती साडीत.

त्याच जानेवारीत मी काट्याशेजारी भिंतीत एक खिळा ठोकला, कपडे टांगायला. परवानगी मागितली नव्हती. मॅडमनी पाहिला आणि दुसऱ्या दिवशी पडदा काट्याजवळ लावून घेतला.

यंदाच्या थंडीत रेखाबाई लाइनीत होती. पुढचा माणूस जाकीट घालूनच काट्यावर चढायला लागला.

"ओ भिया," ती म्हणाली, "खूंटी किसके लिए लगाई है?"

त्यानं काढलं. दोन मिनिटं लागतात. आमच्या हिच्या वेळीही ती दोन मिनिटं माझ्याकडे होती.