पांढरी पडलेली पोवळी

वकिली सोडल्यावर आमच्या यांच्या डोक्यात समुद्र पाळायचं खूळ शिरलं. तेही अकोल्यात. इथे मे महिन्यात माणसांचं भरीत होतं, आणि हे हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडून जिवंत पोवळी जपत बसले. दिसायला दगड, पण अंगभर बारीक तोंडं असलेले जीव. दिवे लागले की हिरवे-जांभळे फुलायचे. मी चार वर्षं बडबडले. मग हे गेले आणि टाकी माझ्या गळ्यात पडली.

खोटं कशाला बोलू, तिच्यामुळेच मी सकाळी उठत होते. घरात दुसरं जिवंत काही नव्हतं. पाणी तापू नये म्हणून वरून पंखा सोडायचा. पंख्याने पाणी उडून जातं, मीठ मात्र टाकीतच राहतं. म्हणून रोज जेवढं कमी होईल तेवढं गोडं पाणी भरायचं, तेही फिल्टरचं. हे शिकायला मला सहा महिने लागले.

गेल्या एप्रिलात अमरावतीला बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. आठ दिवस जाणं भाग होतं. किल्ली शेजारणीला दिली. माझ्याकडे रोज येणारी ही एकच बाई. बाकीच्यांना माझं फटकळ तोंड सोसत नाही. तिचं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं, जिथे विहिरीचं पाणीही खारट लागतं. तिला गोड्या पाण्याचे कॅन दाखवले आणि गेले.

परत आले तेव्हा दार तिनेच उघडलं, हसत.

"काकू, पाहा तुमचे दगड कशे लख्ख झाले. तुमी गोडं पाणी टाकून त्याईले कावून उपाशी ठेवून राहिल्या होत्या? समुद्रातले जीव ते. मी आमच्या बोअरचं टाकलं, रोज बादलीभर. खाऱ्याले खारंच मानवते."

पोवळी पांढरीफटक पडली होती. मांस गळून नुसते सांगाडे राहिले होते. वाकून एकेक पाहिलं. एकही जगलं नव्हतं. अक्कल गहाण टाकली होती काय, इथपर्यंत जिभेवर आलं. यांनी हाताने लावलेला एकेक तुकडा या बाईने आठ दिवसांत मारला होता. मला तिथेच फतकल मारून रडावंसं वाटलं.

ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. "काही चुकलं का, काकू?"

माझी जीभ मला माहीत आहे. एकदा सुटली असती तर ही बाई पुन्हा माझ्या उंबऱ्यावर चढली नसती.

"नाही गं," मी म्हटलं. "छान दिसून राहिले. चहा टाक."

ती अजून रोज येते, बादली घेऊन. मी दिवे लावते, पंखा लावते, आणि तिच्यासमोर ते पाणी मेलेल्या दगडांवर ओतते.