खिडकीबाहेरच्या काकू

लातूरला प्यायचं पाणीसुद्धा टँकरनं यायचं, त्या उन्हाळ्यात माझी नऊ वर्षांची लेक स्टेम सेल प्रत्यारोपण होऊन घरी आली. घरात कुणाला घ्यायचं नाही आणि तिला भरपूर पाणी पाजायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती घोटभरही पिईना.

शेजारच्या काकूंना मनाई कळत नसे. "मी आत कुठं आले? खिडकी बंदच हाय की," म्हणत त्या काचेबाहेर ठाण मांडायच्या. मग स्टीलचा गिलास उंचावून लेकीला डिवचायच्या, "लावती का शर्यत?" मान मागं टाकून प्यायच्या, रोज हरायच्या आणि वर कुरकुरायच्या, "पोरगी लई लबाड हाय."

एकदा मी बाहेरून आले तर त्यांचा गिलास कोरडाठाक दिसला. गल्लीत तीन दिवस टँकर नव्हता, आणि सकाळीच त्यांनी आमच्या दारात भरलेली कळशी ठेवली होती. "तिला सांगू नका," त्या डोळा मिचकावून म्हणाल्या.

आत लेक तोंड पुसत होती. "आई, काकूंचा गिलास रिकामा असतो. पिताना त्यांचा गळा हलतच न्हाई. पण त्यांना सांगू नको, लई मन लावून पितात."