आईच्या उशाशी लावलेली वाफ

घशाच्या कॅन्सरचं रेडिएशन संपल्यावर आई येवल्याहून माझ्याकडे नाशिकरोडला राहायला आली. तिच्या तोंडातली लाळच आटली होती. त्यात डिसेंबरातली कोरडी थंडी. झोपेत जीभ टाळ्याला चिकटायची आणि ती दचकून जागी व्हायची. डॉक्टर म्हणाले, "खोलीतली हवा जरा ओलसर ठेवा."

म्हणून मी ह्युमिडिफायर आणायला गेले. एका यंत्रातून गरम वाफ यायची, दुसऱ्यातून गार. चुकून हात लागून आईला भाजायला नको, म्हणून गार वाफेचं घेतलं. त्यात कुठलं पाणी भरायचं ते दुकानदार सांगत होता, पण मला ऑफिसला उशीर होत होता. "हो हो" म्हणत मी पिशवी उचलली.

घरी मी नळाचं, म्हणजे सोसायटीच्या बोअरचंच पाणी भरत गेले. रोज सकाळी विचारायचे, "झोप लागली का गं?" ती मान डोलवायची. बोलायला त्रास व्हायचा, खोकला यायचा, त्यामुळे शब्द मोजकेच. ऑफिसातल्या दोघीतिघींना यंत्राचं कौतुकही सांगून झालं.

तीनेक आठवड्यांनी, एका रविवारी, तिची खोली आवरायला घेतली. कपाटाच्या आरशावर, औषधांच्या डब्यावर, पलंगाच्या कडेवर पिठासारखी पांढरी भुकटी. बोअरच्या पाण्यातला क्षार वाफेबरोबर उडून सगळीकडे बसला होता. टाकी उघडली, तर आत गुलाबी बुळबुळीत थर आणि कुबट वास. हे मी तिच्या उशाशी लावून ठेवत होते.

"आई, यानं खोकला वाढला का तुझा?"

ती म्हणाली, "लय वाढला. तू हापिसात गेली की मी खिडकी उघडून बसायची."

"मग सांगायचं नाही?"

"एवढ्या हौसेनं आणलं तू. आधीच माझ्यापायी किती पळापळ तुझी."

मला राग आला. तिचा थोडा, माझाच जास्त. "अजून काय काय लपवलंयस?" मी जोरातच विचारलं.

ती पदराचं टोक चाचपत राहिली. "भाकर कुस्करून खाल्ली तरी उतरत नाय. पंधरा दिस झाले."

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून तिला डॉक्टरांकडे नेलं. यंत्राचं ऐकून ते म्हणाले, टाकी रोज धुवा, डिस्टिल्ड पाणीच घाला. मग दुर्बिणीनं घसा पाहिला आणि तिथला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला.

रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. टाकी मी रोज घासून धुवायचे, वाळवायचे. आईचा खोकला उतरला, ती शांत झोपू लागली. माझी झोप मात्र उडाली होती.

कॅन्सर परतला नव्हता. रेडिएशननं अन्ननलिका आवळली होती, ती रुंद करून घ्यावी लागली. पुन्हा आवळू शकते, असंही डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. हल्ली आई मऊ भात खाते आणि "बरंय" म्हणते. मी समोर बसून तिच्या गळ्याकडे बघत राहते, घास खाली उतरेपर्यंत.