गरम मोटरीचे मिस्त्री

"बिघडू द्या," हे मिस्त्रींचं पहिलं वाक्य असायचं. धानाला पाणी देणारा पंप असो की फवारणीचं मशीन, घेऊन येणारा घायकुतीला आलेला असायचा आणि मिस्त्री मशीन सुरू करून त्याच्यासमोर स्टूल टाकून बसायचे. "बिघडू द्या. बिघडल्याबिगर मी काय पाहू?"

असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील, पण थोडेच. बहुतेक जण आधी पाना उचलतात आणि मग काय झालं ते विचारतात. मिस्त्रींचा पाना सगळ्यात शेवटी निघायचा. दिघोरीच्या रस्त्यावर त्यांचं टिनाचं दुकान होतं. गिऱ्हाईक वैतागून शिव्या द्यायचं. मिस्त्री म्हणायचे, "मलेबी द्या, मशीनलेबी द्या. पण घाई नोका करू."

माझी त्यांची गाठ पडली ती बोटीच्या मोटरीमुळे. धरणाच्या पाण्याकाठच्या एका गावात मी हायस्कूलला विज्ञान शिकवत होतो. दहावीचं केंद्र पलीकडच्या काठावर होतं. सडकेनं फार मोठा फेरा, त्यात सकाळी बस नाही. म्हणून नऊ पोरींना मच्छीमारांच्या डोंग्यातून न्यायचं ठरलं. डोंग्याला मागे पेट्रोलची मोटर होती आणि चालवायला सुखदेवभाऊ.

आमच्या घाटावरून मोटर एका झटक्यात सुरू व्हायची. पण वाटेत टोलीवरच्या, म्हणजे काठावरच्या छोट्या वस्तीतल्या, चार पोरी घ्याव्या लागत. तिथे पाण्याखाली बुडालेल्या झाडांचे बुंधे, त्यामुळे मोटर बंद करून पंखा वर उचलावाच लागे. आणि तापलेली मोटर एकदा बंद केली की पुन्हा सुरू होईना. दोरी ओढून ओढून सुखदेवभाऊंचा खांदा निखळायची वेळ यायची. पाऊण तास थांबलं की मग गुमान चालायची. पेपराआधी आम्ही दोनदा रंगीत तालीम केली आणि दोन्हीदा टोलीवर अडकलो. केंद्राचं गेट एकदा लागलं की नऊ पोरींचं वर्ष गेलं. त्यांच्या आईबापांना डोंग्याची कल्पना मीच पटवली होती.

मोटर ट्रॅक्टरवर घालून दिघोरीला नेली. मिस्त्रींनी ती पाण्याच्या ड्रमवर लावली, स्वतःची टाकी जोडली, चांगली तापवली, बंद केली, सुरू केली. दहा वेळा केली, दहाही वेळा सुरू झाली.

"माह्या दुकानात हे निरोगी हाय," ते म्हणाले. "रोग तुमच्या डोंग्यात हाय. पेपराच्या दिवशी मीच येतो. फक्त दीड तास आधी निघा."

"दीड तास कायले?" सुखदेवभाऊंनी विचारलं.

"बिघडाले टाइम लागत नाई का?"

पहिल्या पेपराला ते खरंच आले. डोंग्यात बसताच पोरींना म्हणाले, "आज मोटर बिघडली पायजे, बरं का." मराठीच्या पेपराच्या सकाळी असं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. एक पोरगी तर रडायलाच लागली.

टोली आली. मोटर बंद झाली, पंखा वर उचलला गेला. चार पोरींपैकी एकीचं हॉल तिकीट घरी राहिलं होतं. ते येईपर्यंत आम्ही उन्हात थांबलो. निघताना मी नेहमीप्रमाणे मोटरीशेजारच्या पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा छोटा इसक्रू सैल केला. फुस्स असा आवाज झाला.

मिस्त्रींनी मान वळवली. आधी टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

तो इसक्रू माझं खातं होतं. पेट्रोलची चटकन वाफ होते, हे मी वर्गात शिकवतो. म्हणून डोंगा थांबला की इसक्रू घट्ट करायचा आणि निघताना सैल करायचा, हा नियम मी स्वतः घातला होता. फुस्स आवाज आला की मी पोरींना सांगायचो, "बघा, एवढी वाफ वाचली!"

मोटर अर्थातच सुरू झाली नाही. मिस्त्रींनी पेट्रोलची नळी काढली, प्लग काढून लुगड्याच्या चिंधीनं पुसला, चोक पूर्ण आत ढकलला, रिकामीच दोरी बारा-पंधरा वेळा ओढली. मग सगळं जागच्या जागी लावून आणखी एकदा ओढली. मोटरीनं धूर ओकला आणि ती चालू लागली. पोरी एवढ्या ओरडल्या की काठावरचे बगळे उडाले.

"काय झालं होतं?" सुखदेवभाऊंनी विचारलं.

"कार्बोरेटरमंदी कचरा होता. गेला."

आम्ही गेट लागायच्या खूप आधी पोचलो. पोरी आत गेल्यावर मिस्त्रींनी मला चहाला नेलं आणि कपात पाहत म्हणाले, "सर, थो इसक्रू ढिल्लाच राहू द्या. बंद टाकी उन्हात तापली का आतली हवा फुगते, अन् पेट्रोल मोटरीत ढकलते. मोटर पेट्रोलातच बुडते."

हवा तापली की प्रसरण पावते, हेही मी दरवर्षी शिकवतो. मी चहा न पिताच कप खाली ठेवला. त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

गेल्या उन्हाळ्यात मिस्त्री वारले. तेरवीला पंगतीत सुखदेवभाऊ माझ्या शेजारी होते. ते कौतुकानं सांगू लागले, की मिस्त्रीनं कचरा काढला अन् नऊच्या नऊ पोरी पास झाल्या. चार वर्षं ती गोष्ट माझ्या पोटात होती. मी म्हणालो, "भाऊ, कचरा नव्हता. टाकीचा इसक्रू मी बंद करत होतो."

त्यांनी भात कालवणं थांबवलं नाही. "मालूम हाय, सर. मिस्त्रीनं त्याच दिवशी मले सांगतलं. म्हने, सराले टाकीजवळ बसू देऊ नोका, पण बोलूबी नोका. त्याईले उद्या पोरींसमोर उभं राहाचं हाय."

तेव्हा मला उमगलं. त्या पहिल्या पेपरानंतर डोंग्याच्या पार पुढच्या टोकाला माझ्यासाठी लाल प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली असायची. गाव आपल्याला किती मानतं असं समजून, चार वर्षं दहावीच्या पोरी नेताना मी तिच्यावर ताठ बसून प्रवास केला. तेरवीच्या पंगतीत हसू नये, पण मला ते आवरेना. मिस्त्रींच्या घरच्यांनी वळून पाहिलं तोवर माझे डोळे भरून आले होते, म्हणून त्यांना मी रडतोय असंच वाटलं.